ओठातलं पान

कसबा पेठ, पुणे
११ जून २०२५

प्रिय शंभू,

फोनवर तू मध्येच ठेवतोस, म्हणून पत्र. स्पीडपोस्टानं पाठवतेय. सही करून घ्यावं लागेल, म्हणजे ‘मिळालंच नाही’ म्हणायची सोय राहणार नाही.

कादंबरी आठ दिवस माझ्याकडे राहिली. तुझी लेक अकरा वर्षांची झाली आणि मी, तिची सख्खी आत्या, मुलांचे दात आणि जबडे बघून पोट भरणारी, तिला आत्ता पहिल्यांदा दवाखान्याच्या खुर्चीत बसवते, याची लाज मलाच वाटली. तिचे वरचे दात पुढे आलेत, खालचा जबडा मागे राहिलाय, टाळू अरुंद आणि उंच आहे. पुढचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. पोळीचा तुकडा ती बाजूच्या दातांनी तोडते, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का?

मी बाजूनं एक्स-रे काढला. नाकाच्या मागून हवा घशात उतरते ती वाट तिची फार चिंचोळी आहे, आणि तिथंच मागे गाठी सुजलेल्या दिसतात. दात-जबडा असा म्हणून वाट अरुंद झाली, की वाट अरुंद म्हणून तोंड उघडं राहून जबडा असा वाढला, हे ठामपणे सांगेल असा डॉक्टर मला अजून भेटायचाय. पुढे दात असलेल्या प्रत्येक मुलाची वाट अरुंद असते असंही नाही. पण हिची दिसतेय. एक्स-रे म्हणजे शेवटी सपाट फोटो, म्हणून कान-नाक-घशाच्या डॉ. रुमानांकडे दुर्बिणीनं तपासून घ्यायला हवं. दुपारी ती झोपली होती तेव्हा तिचा श्वास थांबला. मी घड्याळ लावून मोजलं. अकरा सेकंद. मग दचकून, गुदमरून जागी झाली आणि म्हणाली, “आत्या, मी तोंड उघडलं नव्हतं.”

आता दुसरी गोष्ट. परवा देव्हाऱ्यातलं विड्याचं पान ओठात धरून ती गच्चीत बैठका मारत होती. अकराव्या बैठकीला पान पडलं. मी नुसती बघत होते. ती माझ्याकडे वळली, दोन्ही हात मागे बांधले आणि डोळे मिटून उभी राहिली. मार खायला उभी राहिली, शंभू. माझ्यासमोर.

तिच्या पाठीवर सहा वळ आहेत. म्हणते, तालमीतल्या दोरावरून घसरले. दोरावरून घसरून वळ आडवे आणि एका मापानं उठत नाहीत.

तिचे ओठ ताणल्याशिवाय मिळतच नाहीत. पान धरणार कशात? ती आळशी नाही, हट्टी नाही. तिला नाकानं हवा पुरत नाही म्हणून तोंड उघडतं. तिला घेऊन ये. आणि तोवर हात आवर.

तुझी,
ताई


लोणी काळभोर
१७ जून २०२५

ताई,

सही केली. पोस्टमनसमोर वाचलं आणि त्याच्यासमोरच हसलो.

आठ दिवस पोरीला आंब्याचा रस पाजलास आणि दातांचा फोटो काढून मला बाप शिकवायला निघालीस. तुझ्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडात काहीतरी वाकडंच असणार, नाहीतर तुझं दुकान चालणार कसं?

माझ्या तालमीत चौदा पोरी आहेत. सगळ्या पान धरतात. दोनशे बैठका आणि पान कोरडं राहिलं पाहिजे, हा आपल्या अण्णांचा नियम आहे, माझा नाही. कसब्यातल्या तालमीत अण्णांनी चाळीस वर्षं तो चालवला आणि त्यातून मल्ल काढले. तोंड उघडलं की दम गेला, दम गेला की पाठ लागली. समोरची पोरगी कादंबरीच्या अंगावर बसेल तेव्हा तुझा एक्स-रे मध्ये पडणार आहे का?

सप्टेंबरात निवड चाचणी आहे. कमी वजनाच्या गटात तिच्याइतकी चपळ पोर या तालुक्यात नाही. पायात शिरून पट काढते तेव्हा बघणारे उठून उभे राहतात. दोन मिनिटं तिच्यासारखं कुणी खेळत नाही. तिसऱ्या मिनिटाला आ वासते आणि गळाठते. ते आ वासणं मी मोडणार. प्रेमानं मोडत नसेल तर वेतानं मोडेन. मी वस्ताद आहे. मी तिला मारत नाही, घडवतो.

वळ दोरावरचे आहेत.

आणि मोजायचं कौतुक मला सांगू नकोस. तुला मोजायची सवय जुनी आहे.

शंभू


कसबा पेठ, पुणे
२२ जून २०२५

शंभू,

तुझं पत्र वाचून संताप आला. तुला वाटेल ताई दवाखान्यातून उपदेश पाजळते. मी त्याच तालमीच्या मागच्या खोलीत वाढलेय.

अण्णा तुझं पान पडलं की तळहातानं तुझं तोंड दाबून धरायचे, ते मी पाहिलंय. तू पाय झाडायचास. तेराव्या वर्षी तू त्यांचा हात चावलास आणि त्यांनी लाकडी मुदगलानं तुझा जबडा मोडला. दवाखान्यात सांगितलं, हौद्यात घसरला. कुस्तीच्या मऊ मातीत पडून जबड्याचे दोन तुकडे होतात, असं त्या डॉक्टरला खरंच वाटलं असेल का, हे मी शिकताना कितीदा मनात आणलंय. तुझी हनुवटी अजून डावीकडे सरकलेली आहे. दाढी वाढवून तू ती झाकतोस. मला दिसते.

तू मल्ल झालास ते अण्णांमुळे नाही, अण्णा असूनही झालास. आणि पोटच्या पोरीला तेच देतोयस.

तुझ्या बायकोचा, अस्मिताचा, चोरून फोन आला होता. म्हणाली, आता तू पोरीच्या तोंडाला चिकटपट्टी लावतोस. आणि तिनं जमिनीवर हात आपटला तरी दहापर्यंत मोजल्याशिवाय काढत नाहीस. अस्मितावर डाफरू नकोस, मीच खोदून विचारलं. शंभू, नाकाची वाट जिची बंद आहे तिचं तोंड बंद करणं म्हणजे काय, हे तुला चित्र काढून सांगू का? ती मरेल. वैद्यकीय भाषेत वेगळा शब्द नाही त्याला.

रविवारी, २९ तारखेला, मी येतेय. डॉ. रुमानांची वेळ घेतली आहे. कादंबरीला घेऊनच परत जाईन.

उल्का


लोणी काळभोर
३० जून २०२५

ताई,

सोबत तुझा चष्मा पाठवतोय. एक काच फुटली आहे. दुसरी शाबूत आहे.

तू चपला घालून हौद्यात उतरलीस. अण्णांच्या लेकीनं. त्या मातीत तेल, ताक, हळद पडते, तिला आम्ही सकाळ-संध्याकाळ हात लावून नमस्कार करतो, आणि तू चपलांनी ती तुडवत माझ्या पोरीपर्यंत आलीस. माझ्या शिष्यांसमोर तिच्या तोंडावरची पट्टी ओरबाडलीस. तिच्या ओठाची कातडी निघाली ती माझ्या हातानं नाही, तुझ्या. हे तुझ्या दवाखान्याच्या वहीत लिहून ठेव.

मी तुला मारायला नको होतं, असं तुला वाटत असेल. मलाही थोडा वेळ वाटलं. मग तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. ‘ते मी पाहिलंय.’

पाहिलंय?

ताई, तू मोजायचीस. अण्णा तोंड दाबून धरायचे आणि म्हणायचे, “उल्का, मोज.” तू दारात उभी राहून खणखणीत आवाजात एक ते दहा मोजायचीस, उजळणी म्हटल्यासारखी. एकदाही लवकर मोजलं नाहीस. एकही आकडा गाळला नाहीस. मी तुझ्याकडे बघत असायचो. अण्णांचा चेहरा मला आठवत नाही. तुझा आठवतो.

माझा जबडा मोडला तेव्हा तू जबड्यांची डॉक्टर व्हायचं ठरवलंस, असं तू लोकांना सांगतेस म्हणे. छान आहे. माझ्या हाडावर तुझी पाटी उभी राहिली.

पुन्हा माझ्या तालमीत पाऊल टाकलंस तर चष्म्यावर भागणार नाही.

शंभू


कसबा पेठ, पुणे
५ जुलै २०२५

शंभू,

चष्मा मिळाला.

तुझ्या थपडेनं डावा कान अजून वाजतो. बुधवारी मी पोलीस चौकीपर्यंत गेले. वळांचे फोटो, एक्स-रे, सगळं पिशवीत होतं. पायरीवर उभी राहिले. आतल्या हवालदारानं विचारलं, “काय बाई, काय हरवलं?” मी म्हटलं, काही नाही, पत्ता चुकले. आणि घरी आले.

भाऊ आत जाईल, पेठेत चर्चा होईल, अण्णांचं नाव निघेल, असलं सगळं त्या एका मिनिटात डोक्यात येऊन गेलं. कादंबरी सगळ्यात शेवटी आली. हे मी तुला मुद्दाम कळवतेय, कारण तू माझ्यावर उलटवलेलं खरं आहे आणि मी अजून तशीच आहे.

तिला सोड. मी हात जोडते.

उल्का


धायरी
२८ जुलै २०२५

वन्संना अस्मिताचा नमस्कार.

हाताला बांधलंय म्हणून अक्षर वाकडं आहे. मी आणि कादंबरी माझ्या भावाकडे आहोत. ती जिवंत आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला धीरानं वाचता येईल.

शनिवारी सकाळी यांनी चाचणीची तयारी म्हणून कुस्ती लावली. समोर मुक्ताई, दहावीतली, कादंबरीपेक्षा बारा किलोनं जड. कादंबरीच्या तोंडाला यांनी दुहेरी पट्टी लावली. तिला सर्दी होती. मी सकाळीच सांगितलं होतं, नाक गच्च आहे पोरीचं. हे म्हणाले, कुस्तीच्या दिवशी सर्दी झाली तर काय समोरचीला थांबायला सांगशील?

कादंबरीनं पहिला पट काढला, मुक्ताईला खाली घेतलंही. मग मुक्ताई वर आली. कादंबरीनं जमिनीवर हात आपटला. यांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन. तिनं पुन्हा हात आपटला. सहाच्या सुमाराला हात थांबला. मुक्ताई अंगावरून उठली आणि ओरडली, “वस्ताद, निळी पडलीया ती! मरंल ती!”

हे गेले आणि केसाला धरून तिला उठवून बसवलं. “ऊठ! नाटकं करती व्हय!” आणि एक थोबाडीत दिली. मान लुळी पडली तिची. दुसरी दिली. आणि वन्सं, थोबाडीत मारतानाही यांनी आकडा सोडला नाही. सात म्हणाले. आठ म्हणाले. दहा झाल्याशिवाय पट्टी काढायची नाही हा नियम.

माती उकरायचं फावडं भिंतीला टेकून होतं. ते कधी उचललं मला आठवत नाही. पहिला घाव खांद्यावर बसला. हे वळले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तू पण?” दुसरा तोंडावर बसला, पात्याच्या सपाट बाजूनं, होता नव्हता तेवढा जोर लावून. कांडं मोडताना उसाचा आवाज होतो तसा आवाज झाला. हे गुडघ्यावर बसले. लाल मातीत दोन दात पडले होते. मला अजून मारायचं होतं. मुक्ताईनं मागून मिठी मारली म्हणून ते जिवंत आहेत, एवढं खरं सांगते.

पट्टी मी काढली. कादंबरी किती वेळ तशीच होती माहीत नाही. मग एकदम खरडल्यासारखा आवाज करत तिनं हवा ओढली आणि ओकली. मी आयुष्यात त्याहून चांगला आवाज ऐकलेला नाही.

दवाखान्यात मी पोलिसांना सगळं सांगायला तयार होते. यांना बोलता येत नव्हतं. कागद मागून घेतला आणि लिहून दिलं, ‘हौद्यात घसरलो.’

परत जाणार नाही. त्या डॉक्टरबाईंची वेळ घ्या.

अस्मिता


कसबा पेठ, पुणे
४ ऑगस्ट २०२५

शंभू,

अस्मितानं सगळं लिहिलं. तुझे कागदही मी मागवून पाहिले. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, त्यातली एक जागा जुनीच, अण्णांची. वरचा-खालचा जबडा तारांनी एकमेकांना बांधलाय. सहा आठवडे तुला तोंड उघडता येणार नाही.

बहीण म्हणून काय लिहावं ते सुचत नाही, तेव्हा डॉक्टर म्हणून लिहिते. नीट वाच. तुझ्या नाकाचं हाड कुस्तीत दोनदा मोडलंय, त्यामुळे नाकानं पुरेशी हवा तुलाही मिळणार नाही. दातांच्या फटीतून मिळेल तेवढी घे. घाबरलास की जास्त कोंडेल. सरळ झोपू नकोस, उशीला टेकून बस. पातळ वरण, दूध, सगळं नळीनं आणि हळू. उलटी आली तर ती बाहेर यायला जागा नाही. ती घशात गेली तर मरशील. म्हणून दवाखान्यानं दिलेली तार कापायची पक्कड गळ्यात दोरीनं बांधून ठेव. झोपेतसुद्धा. खाली चित्र काढलंय. पुढच्या चार उभ्या तारा कापायच्या, आडव्या नाही. हे पान भिंतीवर चिकटव, म्हणजे जो कोणी येईल त्याला कळेल.

कादंबरीची दुर्बिणीनं तपासणी झाली. डॉ. रुमाना म्हणाल्या, नाकामागची वाट गाठींनी तीन चतुर्थांश बंद आहे. त्या काढाव्या लागतील. मग मी टाळू रुंद करायची पट्टी बसवेन. त्यानं वाट किती मोठी होईल ते मी आज सांगू शकत नाही, थोडी तरी व्हावी. जबडा पुढे आणायचं काम वर्षभराचं आहे. अस्मिताची सही पुरते. पण तुझीही असावी असं ती म्हणते. का, ते तिलाच विचार.

आता बहीण म्हणून. हो, मी मोजायचे. मोजायला लागले तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि चुकीचं मोजलं तर माझी पाळी येईल असं मला वाटायचं. तू हात मागे बांधून डोळे मिटून उभा राहायचास, मग अण्णा तोंड दाबायचे आणि मी भिंतीकडे बघत मोजायचे. पण चार आणि पाचमध्ये थोडी घाई केली असती तर अण्णांना कळलंही नसतं. मी ती घाई कधी केली नाही. एवढंच खरं आहे, आणि त्याला औषध नाही.

उल्का


लोणी काळभोर
२० ऑगस्ट २०२५

ताई,

तालीम बंद आहे. पोरी आपापल्या घरी गेल्या. दिवसभर उशीला टेकून बसतो आणि वरणाचं पाणी ओढतो. सात किलो उतरलो.

खोटं सांगत नाही, पहिल्या चार दिवसांत मला वेड लागायचं बाकी होतं. हवा येते, पण पुरत नाही. छातीला वाटतं तोंड उघडावं, आणि तोंड उघडत नाही. अंगात दोन माणसांचं बळ आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. मी दाराला डोकं आपटलं. तुझ्या पत्रातलं ‘चित्र काढून सांगू का’ आठवलं. आता चित्राची गरज राहिलेली नाही.

पक्कड मी गळ्यात घातली नाही. गळ्यात दोरी बांधून फिरायला मी काय कुत्रं आहे? खुंटीवर अडकवून ठेवली. तुझं चित्र मात्र तिच्या खाली चिकटवलं.

रविवारी दुपारी कादंबरी आली. तिचा मामा खाली गाडीत बसला होता. शाळेचं दप्तर आणि कुस्तीचे कपडे न्यायला ती एकटी वर आली. माझ्याकडे बघितलं नाही. मी दूध पीत होतो. तिला काहीतरी सांगायचं म्हणून घाईनं गिळलं, ठसका लागला आणि सगळं उलटून वर आलं. नाकातून थोडं बाहेर पडलं, बाकीचं घशात अडकलं. मी पलंगावरून खाली पडलो. खुंटी चार हातांवर होती. मी तिच्याकडे हात केला.

तिनं खुंटीवरची पक्कड घेतली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आणि ताई, ती मोजायला लागली.

एक. दोन. माझ्या आवाजात, माझ्या तालात. तीन. मी जमिनीवर हात आपटला. चार. तिचं तोंड उघडं होतं, नेहमीसारखं, आणि ती त्या उघड्या तोंडानं श्वास घेत होती, हे मला दिसत होतं. पाच. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. सहा. मला वाटलं, बरोबर आहे. दहापर्यंत मोज, पोरी. मी कुठल्या तोंडानं विरोध करू?

सात म्हणाली आणि खाली बसली. तुझ्या चित्राकडे एकदा बघितलं. चारी तारा कापल्या. बरोबर त्याच चार. माझा जबडा हातानं उघडला, बोटं घालून घसा मोकळा केला, आणि मी तिच्या मांडीवर ओकलो. मग मामाला हाक मारली.

दवाखान्यात परत तारा बांधल्या. आता पक्कड गळ्यात आहे.

कादंबरीच्या ऑपरेशनचा कागद सही करून सोबत पाठवतोय. अस्मितानं मागितलेला दुसरा कागदही पाठवतोय. पोर तिच्याकडे राहील, मी आणायला जाणार नाही. वेत मी चुलीत घातला. हे सांगून काही मिळवायचं नाही, नुसतं सांगतो.

ती मला माफ करून गेली, असं मी धरून चाललोय. नाहीतर सातला थांबलीच नसती. हे पत्र तिला वाचायला दे. आणि तिला एवढं विचार, सातलाच का?

शंभू


धायरी
१२ ऑक्टोबर २०२५

आत्या,

ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. घसा आता दुखत नाही. पहिल्यांदा नाकातून पूर्ण हवा आली तेव्हा ती इतकी थंड लागली की मला वाटलं नाकात पाणी गेलं. मी आईला हाक मारली. आई रडायला लागली. मग मला मामीच्या भाकरीचा करपलेला वास आला आणि मी ते बोलून दाखवलं, तर मामी रागावली.

तू टाळूला लावलेली पट्टी फार टोचते. ती रुंद करायला आई रोज चावी फिरवते तेव्हा नाकाच्या मुळाशी दुखतं. ओठ अजून नीट मिळत नाहीत. काल पान धरून बघितलं. वीस बैठकांपर्यंत राहिलं, मग पडलं. मी ते उचललं आणि खाऊन टाकलं.

चाचणी हुकली. इथल्या शाळेत मॅटवर कुस्ती आहे. तिथल्या मॅडम तोंड उघडं आहे म्हणून काही म्हणत नाहीत. म्हणतात, श्वास घे, कुठूनही घे. मी तिसरं मिनिट खेळले.

पप्पांचं पत्र तू मला दिलंस ते मी दोनदा वाचलं. त्यांनी विचारलंय ते मला समोर सांगता येणार नाही, म्हणून तुला लिहिते. तू त्यांना कळव.

मी पक्कड घेतली तेव्हा दहापर्यंत मोजायचं ठरवूनच घेतली होती. कदाचित दहाच्या पुढंही. मला राग आला होता, आणि मला ते हात आपटताना बघायचं होतं. सहापर्यंत मला काही वाटलं नाही.

पप्पांनी पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही. सहा म्हटल्यावर त्यांनी हात आपटायचं थांबवलं. ते कसेबसे गुडघ्यावर आले, दोन्ही हात मागे बांधले आणि डोळे मिटले. मी उभी राहते ना, अगदी तसे. ते त्यांना कुणी शिकवलं मला माहीत नाही. मला वाटायचं तसं फक्त मीच करते.

मी सात म्हटलं. मला आठ म्हणता आलं नाही.

माफ केलेलं नाही. एवढं त्यांना नक्की लिही.

कादंबरी